हार्ड आणि सॉफ्ट : जोडी एक, कसोट्या अनेक

प्रश्न : ‘हार्ड’चा विरुद्धार्थी शब्द कुठे ‘सॉफ्ट’ दिलेला असतो, कुठे ‘ईझी’. परीक्षेत कोणता लिहावा?

उत्तर : नुसता शब्द दिला असेल तर दोन्ही बरोबर. वाक्य दिलं असेल तर ‘हार्ड’च्या पुढचं नाम बघा. गादी हार्ड असेल तर उलट सॉफ्ट, प्रश्न हार्ड असेल तर ईझी आणि हिवाळा हार्ड असेल तर माइल्ड. ‘हार्ड एव्हिडन्स’ म्हणजे भक्कम पुरावा. त्याच्या उलट ‘वीक’ लिहावं. मात्र ‘सॉफ्ट जॉब’मध्ये सॉफ्टचाच अर्थ सोपा, बिनकष्टाचा असा होतो. शिक्षा देताना कचरणाऱ्यालाही सॉफ्ट म्हणतात, तिथे उलट शब्द ‘स्ट्रिक्ट’ किंवा ‘टफ’.

प्रश्न : पाणी, लाकूड, क्ष-किरण यांना हार्ड-सॉफ्ट म्हणतात, ते कोणत्या मापाने?

उत्तर : प्रत्येकाचं माप वेगळं, आणि हाताला लागणाऱ्या कठीणपणाशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

पाण्याची कसोटी साबणाची. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबणाचा फेस होण्याऐवजी चिकट साका बनतो. म्हणून असं पाणी हार्ड, मराठीत दुष्फेन. हे क्षार कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात. प्रचलित वर्गवारीत लिटरला 60 मिलिग्रॅमपर्यंत पाणी सॉफ्ट आणि 180 च्या वर फार हार्ड. बायकार्बोनेटमुळे आलेला दुष्फेनपणा उकळल्यावर जातो, कारण त्याचं कार्बोनेट होऊन ते तळाशी बसतं. सल्फेट किंवा क्लोराइड असेल तर उकळून उपयोग नाही. धुण्याचा सोडा घालावा लागतो. बोलताना आपण अशा पाण्याला ‘जड’ म्हणतो, पण विज्ञानाच्या उत्तरात ते टाळा. तिथे जड पाणी म्हणजे ड्युटेरियमचं (हायड्रोजनच्या जड प्रकाराचं), अणुभट्टीत वापरतात ते.

लाकडाची कसोटी वनस्पतिशास्त्राची आहे. आवृतबीजी (ज्याचं बी फळात झाकलेलं असतं अशा) झाडाचं ते हार्डवुड, पाइन-देवदारासारख्या अनावृतबीजीचं (ज्याचं बी उघडं असतं त्याचं) ते सॉफ्टवुड. त्यामुळे नखाने दबणारा बाल्सा हार्डवुडमध्ये मोडतो आणि चांगला टणक यू (Yew) वृक्ष सॉफ्टवुडमध्ये. शब्दावरून अंदाज बांधणारा इथे हमखास फसतो.

क्ष-किरणांत हार्ड म्हणजे कमी तरंगलांबीचे, जास्त ऊर्जेचे, आरपार जाणारे. चुंबकीय पदार्थांत हार्ड तो, जो चुंबकत्व सहजी सोडत नाही, म्हणून कायमचुंबकाला तोच लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात चुंबकत्वाची दिशा सतत उलटते, तिथे सॉफ्ट हवा.

प्रश्न : ‘सी’ आणि ‘जी’ या अक्षरांचे हार्ड-सॉफ्ट उच्चार कसे ओळखावेत?

उत्तर : पुढचं अक्षर ई, आय किंवा वाय असेल तर सॉफ्ट, नाहीतर हार्ड. म्हणून सिटी, सायकल, पण कॅट, कप; जेम, जिम, पण गेम, गम. ‘सी’ हा नियम बऱ्यापैकी पाळतो, ‘जी’ नाही. गेट, गिव्ह, गर्ल, गिफ्ट हे रोजचेच शब्द अपवाद आहेत, ते पाठ करण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न : ‘सॉफ्ट’चं ‘सॉफ्टली’ होतं, तसं ‘हार्ड’चं ‘हार्डली’ का चालत नाही?

उत्तर : कारण ‘हार्ड’ स्वतःच क्रियाविशेषण म्हणूनही वापरतात. ‘शी वर्क्स हार्ड’ म्हणजे ती कसून काम करते. ‘शी हार्डली वर्क्स’ म्हणजे जवळजवळ करतच नाही. ‘हार्डली’मध्ये नकार आधीच असतो, म्हणून त्याच्या जोडीला ‘नॉट’ घालू नये. अर्जात ‘आय वर्क हार्डली’ लिहिणारे बरेच असतात, आणि वाचणाऱ्याला त्यातून नको तोच अर्थ लागण्याची शक्यता असते.

प्रश्न : ‘हार्ड करन्सी’ आणि ‘हार्ड कॅश’ एकच का?

उत्तर : नाही. हार्ड कॅश म्हणजे हातातल्या नोटा-नाणी. हार्ड करन्सी म्हणजे परदेशी व्यवहारात सहज स्वीकारलं जाणारं, मूल्य टिकवून ठेवणारं चलन, उदाहरणार्थ डॉलर किंवा स्विस फ्रँक. ते खात्यातल्या आकड्यांतही असू शकतं. ‘सॉफ्ट लोन’मधला सॉफ्ट मात्र चलनाबद्दल काही सांगत नाही. तिथे व्याज कमी आणि परतफेडीची मुदत लांब, एवढंच.