घरट्यावरच्या पक्ष्याला छोटा ट्रॅकर लावून काय कळतं? घरी लावता येईल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: गॅलरीतल्या लाकडी पेटीत दयाळच्या जोडीनं घरटं केलंय, मादी अंड्यांवर किती वेळ बसते ते तुम्हाला मोजायचंय, आणि शास्त्रज्ञ वापरतात तसला ट्रॅकर मागवून तिला लावावा का, असं विचारताय. लावू नका. पण प्रश्न फार चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही यंत्रं का लागतात ते मला टिटवीनं शिकवलं. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर चार अंडी होती, खड्यांत खडे मिसळावेत तशी. मी बांधाआड दुर्बीण घेऊन तीन तास बसलो. दुपारच्या उन्हात एक टिटवी मान खाली घालून तुरुतुरु चालत आली, पोटाची पिसं ओलीचिंब होती. आधीची उठली, ही बसली, पिसं फुगवून अंड्यांवर अलगद टेकली. आता नर उठला की मादी? सांगता येईना, दोघं दिसायला सारखीच. वहीत पाहिलं तर आणखी वाईट: पक्षी घरट्यावरून उठल्याच्या निम्म्या नोंदी मी हललो तेव्हाच्या होत्या. म्हणजे मी टिटवीपेक्षा माझाच परिणाम मोजत होतो.

यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे पिट टॅग. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, आत चिप, बॅटरी नाहीच. पायातल्या प्लास्टिकच्या खुणेत ती बसवतात आणि घरट्याभोवती तारेचं वेटोळं ठेवतात. पक्षी येऊन बसला की वेटोळं त्याचा नंबर वाचतं, वेळेसकट. सोबत अंड्यांमध्ये तापमानाचा बारीक सेन्सर ठेवला की कोण बसलंय आणि खरंच उबवतंय का, दोन्ही कळतं. अलास्कात उत्किआग्विकला (आधी त्याला बॅरो म्हणत) सेमीपाल्मेटेड सँडपायपर या आपल्या तुतवारच्या कुळातल्या, पंचवीसेक ग्रॅमच्या पक्ष्यावर हे काम झालं. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, आणि नर-मादी साधारण अकरा-अकरा तासांच्या पाळ्या करतात. एवढासा जीव अकरा तास जागचा हलत नाही!

दुसरा मार्ग मला सगळ्यात सुंदर वाटतो, तो म्हणजे जिओलोकेटर. यात जीपीएस नसतं. असतो एक प्रकाश मोजणारा सेन्सर, घड्याळ आणि मेमरी. वजन ग्रॅमच्या आसपास. मुळात तो स्थलांतर शोधायला बनवला: दिवस किती मोठा यावरून अक्षांश, मध्यान्ह कधी यावरून रेखांश. पण तो पायाला लावलेला असला तर पक्षी अंड्यांवर बसताच पोटाखाली झाकला जातो, आणि भर दिवसा नोंदीत अंधार पडतो. उठला की पुन्हा उजेड. स्थलांतराच्या दृष्टीनं हा अंधार म्हणजे बिघाड, घरट्याच्या दृष्टीनं तीच हजेरीवही. अडचण एकच, माहिती उतरवायला तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो.

अशा निरनिराळ्या पद्धतींनी जमवलेल्या नोंदी एकत्र करून मार्टिन बुल्ला, बार्ट केम्पेनाएर्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये किनारी पक्ष्यांचा (टिटवी, तुतवार यांच्यासारख्या) मोठा अभ्यास छापला: ३२ प्रजाती, ७२९ घरटी. एका पालकाची नेहमीची पाळी कुठे १ तासाची, तर कुठे १९ तासांची निघाली. मला वाटलं होतं, शरीरात ऊर्जेचा साठा किती यावर पाळी ठरत असेल. तसं दिसलं नाही. जे पक्षी रंगात लपून बसतात त्यांच्या पाळ्या लांब, आणि जे शत्रूच्या अंगावर धावून जातात त्यांच्या तोकड्या. येण्याजाण्यानंच घरटं उघडं पडतं, तेव्हा लपणाऱ्यानं ये-जा कमी करायची.

जोडीदार बसलेला असताना दुसरा कुठे जातो, हेही यंत्रांनीच दाखवलं. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरच्या भटक्या अल्बट्रॉस या समुद्री पक्ष्यांना उपग्रह ट्रान्समीटर लावून जुव्हँतँ आणि वायमरस्कीर्श यांनी १९९० मध्ये लिहिलं, की उबवण्याच्या दोन पाळ्यांमधली एक फेरी ३,६०० ते १५,००० किलोमीटरची असते. तेवढे दिवस दुसरा उपाशी अंड्यावर.

आता त्रासाबद्दल. यंत्राचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या, शक्यतो ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रघात आहे. तुमचा दयाळ चाळीसेक ग्रॅमचा, म्हणजे जेमतेम सव्वा ग्रॅम. बाजारातला किल्ल्या शोधायचा टॅग याच्या कितीतरी पट जड. आणि टक्केवारी पाळली म्हणजे झालं, असंही नाही. २०१० मध्ये ८४ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात ट्रान्समीटर लावलेले पक्षी घरटं करण्याची शक्यता बरीच कमी होते असं दिसलं. ज्या वर्तनासाठी यंत्र लावायचं तेच यंत्रानं बिघडलं तर मोजलं काय? म्हणून जे उत्तर दुर्बिणीनं मिळतं त्यासाठी पक्षी पकडूच नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय पक्षी पकडता येत नाही, घरट्यात हात घालणंही त्यात येतं.

तुमचं नशीब असं की दयाळला यातलं काहीच लागत नाही. नर काळाभोर, मादी करडी, पडद्याआडूनही ओळखू येतात, आणि अंडी एकटी मादी उबवते. म्हणजे टिटवीपाशी मी अडलो तो प्रश्नच तुमच्याकडे नाही. खोलीत अंधार करून पडद्याच्या फटीतून पाहा. सकाळी एक तास आणि भर दुपारी एक तास, रोज त्याच वेळी. ती पेटीतून निघाली ती वेळ, परतली ती वेळ, नर तेव्हा कुठे बसून गात होता, एवढंच लिहा. पेटीवर थेट ऊन कधी येतं तेही टिपा, त्या वेळी तिच्या बाहेरच्या फेऱ्या बदलतात का पाहता येईल. पिल्लं निघाल्यावर नरही चोचीत किडे घेऊन यायला लागेल. तेव्हा दोघांच्या फेऱ्यांसाठी वहीत वेगवेगळे रकाने आखा.