कॉफीचं मशीन सेलमध्ये घ्यावं का?

(घरातल्या विजेच्या वस्तूंबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात छत्रपती संभाजीनगरचे एक दुरुस्ती कारागीर उत्तरं देतात. या वेळी एस्प्रेसो मशीनबद्दल आलेली चार पत्रं.)

प्रश्न : काका, नमस्कार. मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पहाटेची बॅच असते. पुण्यात शिकताना एस्प्रेसोची सवय लागली, इथे घरीच करावी म्हणतो. एक मशीन हेरून ठेवलंय. छापील किंमत ३४,९९०, सध्या ऑनलाइन २२,९९९ ला आहे. सगळं मिळून बजेट २५ हजार. आत्ता घेऊ, की दसरा-दिवाळीच्या सेलची वाट बघू? बायको म्हणते, गेल्या वर्षीपासून तू नुसती वाटच बघतोयस.

उत्तर : सर, वहिनींचं बरोबर आहे, तरी थांबा. फक्त कशासाठी थांबतोय ते ठरवून थांबा.

ते ३४,९९० आधी डोक्यातून काढा. खोडून दाखवलेल्या किमतीला ते मशीन घेतलेला माणूस अजून माझ्या दुकानाची पायरी चढलेला नाही. तुमच्या कामाचा आकडा एकच, गेल्या वर्षभरात ते मॉडेल कमीत कमी कितीला विकलं गेलं. किमतीचा इतिहास दाखवणारी फुकट अ‍ॅप आहेत. त्यात मशीनची लिंक टाकली की वर-खाली जाणारी रेघ येते. सेलच्या आधी किंमत हळूच चढवायची आणि सेलच्या दिवशी ‘उतरवायची’, ही लबाडीसुद्धा त्या रेघेत उघडी पडते. समजा रेघेचा तळ १९,५०० ला आहे. मग २० हजारांच्या आत आलं की घेऊन टाकायचं, १८ हजारांची आस धरायची नाही. हा आकडा आजच वहीत लिहा. सेलच्या रात्री स्क्रीनवर घड्याळ उलटं पळत असतं, तेव्हा भल्याभल्यांचा हिशेब चुकतो.

सेल कधी लागतात हे आता पोरासोरांना पाठ आहे. जुलैत एक, १५ ऑगस्टला एक, नवरात्राच्या तोंडावर सगळ्यांत मोठा, मग नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडे आणि २६ जानेवारीचा. कॉफीची मशीनं विकणारे छोटे ऑनलाइन दुकानदार नोव्हेंबरच्या सेलमध्ये जास्त हात सैल सोडतात, असं माझं निरीक्षण. आपल्याकडच्या शोरूममध्ये पाडव्याला फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीनवर सूट मिळते. कॉफीचं मशीन बहुतेक ठिकाणी ठेवलेलंच नसतं. त्यामुळे साडेतीन मुहूर्तांचा या खरेदीशी फार संबंध नाही. आईला मुहूर्तच हवा असेल तर मशीन आधी मागवा आणि पूजा मुहूर्ताला करा.

आता खरं दुखणं सांगतो. तुमच्या २५ हजारांत ग्राइंडर कुठे आहे?

एस्प्रेसो म्हणजे साधारण ९ बार दाबाने, ९० ते ९६ अंश तापलेलं पाणी बारीक दळलेल्या कॉफीतून ढकलायचं. १८ ग्रॅम पूड घातली तर २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरली पाहिजे. खोक्यावर १५ बार, २० बार असं ठळक छापलेलं असतं, ती पंपाची जास्तीत जास्त ताकद. कॉफीला नऊच लागतात, तेव्हा वीसवालं मशीन पंधरावाल्यापेक्षा सरस ठरत नाही. पाणी किती वेगाने उतरणार हे दळण्यावर ठरतं. पूड थोडी जाड झाली की कॉफी दहा सेकंदांत आंबटढाण होऊन खाली येते. थोडी जास्त बारीक झाली की मशीन नुसतं घुरघुरतं, थेंब पडत नाही. मिक्सरमध्ये दळलं तर निम्मं पीठ आणि निम्मा भरडा निघतो, आणि पाणी भरड्यातून वाट काढून मोकळं होतं.

ग्राइंडर नसलेल्या गिऱ्हाइकासाठी कंपन्यांनी सोय करून ठेवली आहे, ती माहीत असू द्या. हँडलमधली कॉफीची वाटी, म्हणजे बास्केट, काढून उजेडाकडे धरा. तळाला चाळणीसारखी पुष्कळ भोकं आरपार दिसली तर ती साधी बास्केट. आतून भोकं आहेत, पण उलटी केल्यावर बाहेरून टाचणीच्या टोकाएवढं एकच छिद्र दिसलं, तर ती दुहेरी तळाची. त्या एका छिद्रातून कॉफी पिचकारीसारखी सुटते आणि फेस धरते. फेस दिसायला झकास असतो, पण कशीही दळलेली, शिळी पूड घातली तरी तो येतोच. तेव्हा त्यावरून कॉफीची पारख करू नका. घ्याल त्या मशीनला साधी बास्केट मिळते का, हे मात्र आधी विचारा. ५८ मिलिमीटर मापाचं हँडल असेल, उदाहरणार्थ गॅजिया क्लासिकचं, तर बास्केट आणि टॅम्पर (पूड दाबून बसवायचा दट्ट्या) कुठलेही बसतात. डेलाँगी डेडिकासारख्यांचं माप ५१ आहे. त्याचंही सामान मिळतं, पण निवड कमी.

म्हणून माझा सल्ला असा. २३ हजारांचं मशीन आणि दुकानातून दळून आणलेली पूड, यापेक्षा १४-१५ हजारांचं मशीन आणि आठ-नऊ हजारांचा हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर घ्या. एस्प्रेसोइतकं बारीक दळणारा आणि दळणाच्या पायऱ्या जवळजवळ असलेला. उरलेल्या पैशांत ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा येतो. हेरलेलंच मशीन हवं असेल, तर बजेट तीसच्या वर न्या आणि सेलमध्ये वाचलेले तीनेक हजार ग्राइंडरकडे वळवा. थांबायला सांगतोय ते एवढ्यासाठी. ग्राइंडर मात्र आत्ताच घ्या. साध्या फिल्टरच्या कॉफीलाही तो कामी येतो आणि दिवाळीपर्यंत हात बसतो.

नो-कॉस्ट ईएमआय घ्याल तर एक बघून ठेवा. व्याजाएवढी सूट मिळते हे खरं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी बसते. वीस हजारांच्या सहा हप्त्यांवर तीन-चारशे रुपये जातात. फार नाहीत, पण कार्डावरच्या सुटीतून ते वजा करून मग तुलना करा.

एक गंमत दर दिवाळीनंतर बघतो. माणूस सेलमध्ये मशीन मागवतो, खोकं घरी येतं, आणि कुटुंब गावाकडे जातं. भाऊबीज करून परतल्यावर खोकं उघडलं की टाकीला तडा किंवा पंप मुका. तोवर बदलून देण्याची सात-दहा दिवसांची मुदत संपलेली असते. मग सर्व्हिस सेंटरला फोन, आणि तो माणूस पुण्याहून येणार. तेव्हा किंमत कितीही चांगली असो, पुढचा आठवडा घरी असाल तेव्हाच मागवा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. पहिल्याच दिवशी कॉफी न घालता दोन टाक्या पाणी काढून बघा आणि वाफही सोडून बघा. ऑर्डर देण्याआधी विक्रेता कोण आहे ते वाचा. पक्कं बिल नसेल तर वॉरंटी तोंडी असते.

आणि मशीन १६ अँपियरच्या पॉवर पॉइंटवर लावा. १,४५० वॅटचं मशीन सहा अँपियरच्या साध्या सॉकेटच्या हद्दीबाहेर जातं. इन्व्हर्टरवर तर अजिबात नको. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये होल्टेज १८० ला येतं (होल्टेजच म्हणतो आम्ही), तेव्हा मशीन तापायला वेळ लावतं म्हणून लोक ते उचलून माझ्याकडे आणतात. व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वॅट घसरतात हे तुम्ही वर्गात शिकवत असालच. २३० चे १८० झाले की १,४५० चे ९०० सुद्धा उरत नाहीत. मशीनचा त्यात काही दोष नसतो.

प्रश्न : माझे दीर न्यू जर्सीला असतात, डिसेंबरात जालन्याला येणार आहेत. तिकडे ब्लॅक फ्रायडेला इथल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतं म्हणतात. त्यांना आणायला सांगू का?

उत्तर : नको ताई. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. ते मशीन आपल्या प्लगला लावलं की जळून जाईल. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे ओट्यावर कायमचा एक धोंडा, आणि त्याला पैसे पडतात ते वेगळेच. त्यातून घरगुती मशीनमधला पंप विजेच्या कंपनांवर चालतो. तिकडे सेकंदाला ६०, इथे ५०. म्हणजे ट्रान्सफॉर्मर लावूनही तो तिकडच्यासारखा चालत नाही. वॉरंटीही बहुधा तिकडचीच असते. कुणी दुबईहून येत असेल तर गोष्ट निराळी, तिथली वीज आपल्यासारखीच आहे आणि फक्त पिन बदलावी लागते. वॉरंटीचा प्रश्न मात्र तिथेही राहतो.

दीरांकडून ग्राइंडर मागवा, हाताचा. त्याला वीजच लागत नाही.

प्रश्न : परभणीहून लिहितो. पुण्यातला एक ओळखीचा माणूस वर्षभर वापरलेलं मशीन ९ हजाराला देतोय, नवीन १७ ला आहे. जुनं घ्यावं का? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्याने काही होतं का?

उत्तर : जुनं घ्यायला माझी ना नाही, उलट सगळ्यांत चांगला भाव तिथेच मिळतो. लोक दिवाळीला हौसेने घेतात, होळीपर्यंत हौस फिटते, रोज हँडल धुवायचा कंटाळा येतो आणि मशीन माळ्यावर जातं. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात अशी मशीनं विकायला निघतात. पण फोटोवर जाऊ नका, पुण्याला चक्कर मारा.

गेल्यावर मालकाला म्हणा, थंड मशीन माझ्यासमोर चालू करा. आधीच तापवून ठेवलं असेल तर शंका घ्या. हँडल न लावता पाणी सोडा. हँडल जिथे बसतं तिथल्या वरच्या चकतीच्या सगळ्या भोकांतून पाणी सारखं पडलं पाहिजे. एका बाजूनेच धार लागत असेल तर वर काहीतरी अडकलंय. ती चकती बहुतेक मशीनमध्ये एका स्क्रूवर असते. मालक राजी असेल तर काढून मागची बाजू बघा. काळं, चिकट तेल असेल तर काळजी नाही, ते धुऊन निघतं. पांढरी खरखरीत पुटं दिसली तर मात्र भाव निम्मा करा किंवा परत या. रबरी गॅस्केटवर नख दाबा. नख रुतलं नाही तर रबर वाळलंय. गॅस्केट स्वस्त असतं, पण तेवढं घासाघीस करायला पुरतं. आणि बिल मागा, वॉरंटीचे महिने उरले असतील तर ते तुमचे.

आता बोअर. मराठवाड्यातली कॉफीची मशीनं माझ्या टेबलावर येतात त्यात पंप जळाल्याची कमी, क्षाराने बुजल्याची जास्त. काळ्या पाषाणातलं आपलं पाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ५०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलेला आहे. माणसाला ते चालतं, पण कॉफीला १५० च्या आसपासचं पाणी लागतं. घरगुती मशीनच्या आत पाणी तापवणारा जो अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा असतो, त्यातली नळी पेनातल्या रिफिलपेक्षा फार मोठी नसते. जड पाणी त्यातून रोज उकळत गेलं की आतून चुन्याचा लेप चढत जातो. आधी कॉफी कोमट येते, मग धार बारीक होते, मग एक दिवस पंप नुसता ओरडतो. मी ठोकळा उघडतो तेव्हा त्या नळीत कधी कधी सुईसुद्धा जात नाही.

म्हणून मशीनला आरओचं किंवा जारचं पाणी घाला. अगदी निःसत्त्व आरओ असेल तर कॉफी सपक लागते, त्यात थोडं नळाचं पाणी मिसळून टीडीएस मीटरवर शंभर-दीडशे आणा. मीटर स्वस्त मिळतो. दोन-तीन महिन्यांनी लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून ते मशीनमधून फिरवा आणि नंतर साध्या पाण्याच्या दोन टाक्या काढा. कंपनीच्या पुस्तकात दुसरं काही सांगितलं असेल तर पुस्तकाचं ऐका. व्हिनेगर घालू नका, वास दिवसेंदिवस जात नाही.

पुण्याच्या माणसाला विचारा, पाणी कुठलं घालत होतात. ‘नळाचं’ म्हणाला तर बरं, पुण्यात धरणाचं पाणी मऊ. ‘सोसायटीच्या बोअरचं किंवा टँकरचं’ म्हणाला तर नऊ हजार जास्त आहेत. पाच-सहाच्या वर जाऊ नका.

प्रश्न : बीडच्या एका दुकानात ६ हजारांचं ‘४ बार’ मशीन ऑफरमध्ये ४,५०० ला आहे. दुकानदार म्हणतो, यातही एस्प्रेसोच होते. घेऊ का?

उत्तर : त्यात पंप नसतो. बंद टाकीत पाणी उकळतं आणि वाफेच्या जोरावर कॉफीतून ढकललं जातं. पाणी उकळतं असल्यामुळे चव करपट लागते, आणि चार बारचा दाबही प्रत्यक्षात क्वचितच मिळतो. दूध घालून घरी पाहुण्यांना कॉफी द्यायची असेल तर चालेल, वाफेच्या नळीने दूध फेसाळतंही बरं. पण त्यासाठी साडेचार हजार कशाला? इटलीच्या बियालेत्तीने १९३३ पासून बनवलेला, शेगडीवर ठेवायचा मोका पॉट तशाच वाफेच्या तत्त्वावर चालतो आणि पुष्कळ कमी पैशांत मिळतो. त्याचं एक रबर सोडलं तर बिघडायला काही नाही. गॅस मंद ठेवायचा आणि खुळखुळ आवाज सुरू झाला की लगेच उतरवायचा. शेगडी इंडक्शनची असेल तर स्टीलचा घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा साधा पॉट इंडक्शनवर तापत नाही.