पहिला रोलर कोस्टर आखताय? आधी एवढंच बघा

उंचीचा मोह जरा बाजूला ठेवा. साखळीने गाडी माथ्यावर सोडली की पुढचा सगळा प्रवास त्या एका चढाच्या जोरावर होतो, आणि घर्षण व वारा त्यातलं खात राहतात. म्हणून पुढचे चढ बुटके होत जायला हवेत.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- लूप, म्हणजे गाडी उलटी होऊन फिरते तो उभा वेढा, गोल काढणं. १८९५ च्या, न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडवरच्या फ्लिप फ्लॅप या कोस्टरचा लूप गोल होता. तळाशी शिरतानाच मानेला जबर हिसका बसे. १९७६ मध्ये श्वार्झकॉफ आणि श्टेंगल या जर्मन कोस्टर-अभियंत्यांनी कॅलिफोर्नियात थेंबासारखा लूप उभारला: खाली त्रिज्या मोठी, माथ्यावर लहान. तोच गिरवा.
- रूळ स्वतःभोवती पिळणं. पीळ प्रवाशाच्या छातीतून जाणाऱ्या रेषेभोवती द्या, नाहीतर डोकं बाजूला फेकलं जातं.

खांब, ब्रेक यांचा विचार आत्ता नको. पहिला आराखडा झाला की दाखवा, नक्की बघतो.