तक्रार नसताना स्मरणशक्तीची चाचणी करावी का?

प्रश्न : बाबा ७२ वर्षांचे आहेत. घरचे हिशेब तेच ठेवतात, बोलण्यावागण्यात काही फरक नाही. भाऊ म्हणतो, साखर-रक्तदाबाबरोबर दरवर्षी त्यांची डिमेंशियाची (स्मृतिभ्रंशाची) चाचणीही करून घेऊ, लवकर कळलेलं बरं. बाबा चिडतात. काय करावं?

उत्तर : आत्ता नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

पासष्टीपुढची १,००० माणसं घ्या आणि त्यांतल्या ५० जणांना डिमेंशिया आहे असं धरा. चाचणी चांगली, दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे, म्हणजे आजार असलेल्या आणि नसलेल्या दोघांतलेही शंभरात नव्वद जण बरोबर ओळखते, असंही धरा. आजार असलेले ४५ जण सापडतील. पण उरलेल्या ९५० धडधाकट माणसांपैकी ९५ जणांवरही संशय येईल. मग स्कॅन, रक्ततपासण्या, तज्ज्ञांकडे खेटे, आणि तोवर घरात सगळ्यांच्या जिवाला घोर.

माझ्याकडे आलेल्या एका आजींना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. त्यांना ‘खुर्ची’चं ‘सुरी’ ऐकू आलं. पाच मिनिटांनी त्यांनी ‘सुरी’ अगदी बरोबर आठवून सांगितलं आणि गुण गेला! स्मरणशक्ती शाबूत होती, कानांनी दगा दिला होता. शाळेची पायरीही न चढलेल्या माणसाला घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं की हेच होतं.

अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने २०२० मध्ये म्हटलं, की लक्षणं नसलेल्या ज्येष्ठांची सरसकट तपासणी करावी की नाही हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. ब्रिटनमध्येही अशा तपासणीची शिफारस नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ४,००० हून अधिक ज्येष्ठांवर याचा अभ्यास झाला. तपासणीमुळे नैराश्य वाढलं नाही, ही दिलाशाची गोष्ट. पण जगणं सुधारलं असंही दिसलं नाही.

भावाची तळमळ मला कळते. अल्झायमर या डिमेंशियाच्या प्रकारावरची लेकॅनेमॅबसारखी नवी औषधं सुरुवातीच्याच टप्प्यात देतात. पण ती आजाराचा वेग थोडा कमी करतात, बरा करत नाहीत, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका असतो.

मात्र तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांच्या व्यवहारात गोंधळ, यातलं काही दिसू लागलं तर एक दिवसही ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपाय आहेत. त्या वेळी डॉक्टरांकडे जाताना बाबा घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. भावाला काही करायचंच असेल, तर बाबांचे कान तपासून आणू दे.