शेवगा, नाचणी आणि तुझा प्रश्न

प्रिय सई,

मोरिंगा पावडर ऑनलाइन मागवल्याचं सांगता सांगता परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, आपल्या मराठी जेवणात पोळी, भात, बटाटा सोडून हेल्दी असं काही असतं का?" प्रश्न लागला मला. ठाण्यात नौपाड्यातल्या ज्या घरातून तू बोलत होतीस, त्याच्या मागच्या बाजूला शेवगा उभा आहे, आणि मोरिंगा म्हणजे त्याचाच वाळवलेला पाला.

आमच्या लहानपणी गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं ठरलेलं असायचं. कॅल्शियम, लोह वगैरे कोणी बोलत नसे. झाड दारात होतं, पावसात पाला कोवळा होता, म्हणून भाजी व्हायची. आजीला सांग, ती तुला दाखवेल. फक्त पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात. हात लागला तर दिवसभर खाज सुटते, म्हणून फांदी आकड्याने वाकवून तोडायची. तोडलेल्या फांद्या रात्री कापडात गुंडाळून ठेवा. सकाळी झटकल्या की पानं आपोआप गळतात, एकेक खुडत बसावं लागत नाही. काड्या मात्र वेचून टाकायच्या. त्या कितीही शिजवल्या तरी दाताखाली येतात.

चार मुठी पाल्याला अर्धी वाटी मूगडाळ, तासभर भिजवून. फोडणीत मोहरी, हिंग, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या, एक कांदा. डाळ पाण्याचा हबका मारून बोटचेपी होऊ दे, मग पाला घाल आणि झाकण न ठेवता सात-आठ मिनिटं परत. झाकलास तर रंग काळपट होतो. जून पाला असेल तर भाजी कडवट लागते. शेवटी मूठभर ओलं खोबरं. तेल-खोबऱ्याला घाबरू नकोस, पाल्यातलं बीटा कॅरोटिन अंगी लागायला थोडी चरबी हवीच. पावडर वाईट नसते, पण चमचाभर म्हणजे जेमतेम दोन-तीन ग्रॅम. वाटीभर भाजीची बरोबरी ती कशी करणार?

नाचणीबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं आणि तिला एकदम मान आला. आमच्या वेळी ती गावाकडची, गरिबाची. डब्यात नाचणीची भाकरी असली की पोरं झाकण अर्धंच उघडायची. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आसपास. पण धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्यातलं बरंचसं अडवून धरतं. मोड आणले की फायटेट कमी होतं. सत्त्व करताना आजी आधी मोड का आणते, त्याचं हे एक उत्तर.

अख्खी नाचणी तीन-चार पाण्यांनी धू, रात्रभर भिजव, निथळून सुती कापडात सैल बांध. ठाण्याच्या हवेत दिवसभरात पांढरे ठिपके दिसतात. तेवढेच पुरे. लांब मोड आले की चव बिघडते, आणि पुरचुंडी ओलीगच्च राहिली तर आंबूस वास येतो. तसा वास आला तर फेकून दे. मोड आलेली नाचणी पंख्याखाली खडखडीत वाळव, मंद आचेवर भाज, दळ, चाळ. लापशीला दोन चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवून मग वाटीभर उकळत्या पाण्यात ओत, आणि पाच-सहा मिनिटं ढवळत राहा. पीठ थेट गरम पाण्यात टाकलंस तर गुठळ्या सुटत नाहीत. ताक लापशी निवल्यावरच, नाहीतर फाटतं.

तू ज्यासाठी चिया खातेस ते ओमेगा-३ जवसातही असतं. आत्याची चटणी आठवते ना? जवस तडतडणं थांबेपर्यंत भाजायचं आणि लसूण-मिरची-मीठ घालून कुटायचं. अख्खं खाल्लं तर बरंचसं न पचताच बाहेर पडतं. कुटलेलं लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच करायचं.

आमचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. जेवण होतंय न होतंय तोच चहा यायचा, आणि चहा पालेभाजीतलं लोह नीट अंगी लागू देत नाही. तू भाजीवर लिंबू पिळ, चहा तासाभराने घे. अळिवाच्या लाडवांतही अळिवापेक्षा गूळच जास्त असतो. ते लाडूच आहेत, औषध म्हणून चार-चार खाऊ नयेत.

पावडर आलीच आहे तर वापर, मी काही आग्रह धरत नाही. लापशी पहिल्या दिवशी मातकट लागेल. दोन-चार वेळा खाऊन बघ, आणि तरी नाही आवडली तर आजीला सरळ सांग. ती त्याच पिठाची घावनं करून देईल.

तुझा,
बाबा