गायिका बेसूर नाही, पियानोचा गांधार आड येतो आहे

तमिळ लघुपटाच्या गाण्यात कर्नाटक संगीतातल्या तोडी रागातल्या चरणाखाली पियानोचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, घातल्यापासून गायिका बेसूर वाटते, तेव्हा तिचे स्वर सॉफ्टवेअरने सरळ करावेत का, हा आपला प्रश्न वाचला आणि चेन्नईतले माझे सुरुवातीचे एक काम आठवले. कृपया तिच्या आवाजाला हात लावू नका.

मी नेमके तेच केले होते. गायिकेची श्रुती, म्हणजे षड्जाची पट्टी, पाच कट्टै, म्हणजे आपली पांढरी पाच. ओळीत गांधार आला की मी खाली मायनर कॉर्ड धरत असे. पियानोचा कोमल गांधार जागच्या जागी उभा, आणि तिचा गांधार ऋषभाकडून निघून मध्यमाला स्पर्शून झुलणारा. पडद्यावर ती लाट दिसली, ती मला चूक वाटली आणि मी एकेक गांधार ओढून सपाट केला. दुसऱ्या दिवशी तिने ते ऐकले, हेडफोन काढून ठेवला आणि ‘हा तोडी नाही’ एवढेच म्हणाली. मूळ ध्वनिमुद्रण मी वेगळे जपलेले नव्हते. गाणे पुन्हा करावे लागले, दोन दिवसांचे स्टुडिओभाडे माझ्या खिशातून गेले आणि त्या गायिकेने माझ्याकडे पुन्हा कधी गायले नाही.

ज्या संस्थेत मी हार्मनी, म्हणजे सुरावटीला कॉर्डची साथ देण्याचे पाश्चात्त्य शास्त्र, शिकलो, तिथे ‘सुरावटीतला प्रत्येक ठळक स्वर कॉर्डमध्ये असलाच पाहिजे’ असे बजावून सांगत. ज्या संगीतात एक स्वर हीच एक हालचाल असते, तिथे या नियमाचे काय करायचे, हे विचारले तर उत्तर मिळत नसे. त्याचा राग मला आजही येतो.

मी गायक नाही, वाद्यसंयोजक आहे, त्यामुळे रागाबद्दलचा शेवटचा शब्द आपल्या गायिकेचाच माना. माझा अनुभव असा, की तोडीत गांधार पियानोतून काढून टाकावा, षड्ज-पंचम तेवढे ठेवावेत आणि बाकीचे काम बासकडे द्यावे. व्हायोलिन हवीच असतील, तर त्यांना स्वतःची स्वतंत्र ओळ लिहून द्या आणि ती गायिका स्वरावर थांबलेली असताना चालू द्या. संगीतकार इळैयराजांचा १९८६ चा ‘हाउ टू नेम इट’ या दृष्टीने ऐका. त्यागराज आणि बाख यांना अर्पण केलेल्या त्या ध्वनिमुद्रिकेत व्ही. एस. नरसिंहन यांचे व्हायोलिन गमकांसह, म्हणजे स्वरांच्या अशाच झुलण्यासह, वाजते आणि भोवतीचा वाद्यवृंद त्याला जागा देतो.

शंकराभरणम् किंवा कीरवाणी असता तर आपल्याला हा त्रास एवढा झाला नसता, कारण त्यांचे स्वर पाश्चात्त्य मेजर आणि हार्मोनिक मायनरशी जुळतात. कर्नाटक संगीतातले रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी युरोपीय चालींवर संस्कृत शब्द बांधले, तेही शंकराभरणम्‌च्या स्वरांत. तरीही त्या रागांचीही गमके आहेतच, हे विसरू नये.

आणखी एक. आपला सतारवादक महाराष्ट्रातला असेल, तर त्याला नुसते ‘तोडी’ असे कळवू नका. दक्षिणेतल्या तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे आहेत. आपल्या तोडीचे स्वर तिकडे शुभपंतुवराळी या रागात सापडतात. त्याला गायिकेचीच ओळ पाठवा, आणि तीही पियानो बंद करून.