कुंडीतला बुटका टोमॅटो: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पाकिटावर ‘६० दिवसांत फळ’ लिहिलं होतं. बी टाकून ६० दिवस झाले, अजून फुलंच आहेत. बियाणं खोटं निघालं का? (इंदिरानगर)

बियाणं ठीक आहे. टोमॅटोचे दिवस पुनर्लागवडीपासून, म्हणजे रोप ट्रेमधून काढून कुंडीत लावल्यापासून मोजतात. त्याआधीचे रोपाचे २५ ते ३० दिवस धरले तर बी ते पहिलं लाल फळ हा हिशोब सुमारे ९० दिवसांचा होतो, तोही लवकर येणाऱ्या जातीचा.

त्यातून दिवस वाचवायचे असतील तर ते खतात नाही, तारखेत सापडतात. नाशिकला बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकावं. ट्रे पावसाच्या सपाट्याबाहेर, पण उजेडात हवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चार-पाच पानांचं रोप मोठ्या कुंडीत गेलं की फुलं नोव्हेंबरच्या सुखद रात्रींत उमलतात आणि डिसेंबरात तोडा सुरू होतो. रोप लावताना खालची दोन पानं काढून खोड तिथपर्यंत मातीत पुरा. पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. ट्रेमध्ये दीड महिना अडकून लांबडं, पिवळं पडलेलं रोप मात्र लावू नका. ते सावरायलाच दोन आठवडे घेतं आणि लवकर येण्याचा फायदा तिथेच संपतो.

प्रश्न: द्राक्षाला काढतो तशी बगलफूट टोमॅटोचीही काढावी का? (दिंडोरी)

बगलफूट म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारी नवी फांदी. वेलासारख्या उंच वाढणाऱ्या जातीची ती काढा. बुटक्या जातीची काढू नका. तिच्या प्रत्येक फांदीची वाढ शेंड्यावर फुलांचा घोस आला की थांबते. पुढचं फळ बगलफुटीवरच येतं. ती खुडली म्हणजे पीकच खुडलं. ओळखायचं कसं? दोन घोसांमध्ये एक-दोनच पानं आणि शेंड्याला फुलं असली तर बुटकी. घोसामागे तीन-तीन पानं टाकत शेंडा वर धावत असला तर उंच. बुटक्या झाडाची मातीला टेकणारी पानं तेवढी कात्रीने काढा. करपा या बुरशीरोगाचे गोल वळ्यावळ्यांचे ठिपके पहिल्यांदा तिथेच दिसतात. झाड दोन-अडीच फुटांचंच राहतं, तरी फळांच्या ओझ्याने आडवं होतं. एक काठी आणि सैल बांधलेली सुतळी पुरते.

प्रश्न: जानेवारीत फुलं भरपूर येतात आणि सगळी गळतात. (निफाड)

फुलाच्या देठावर मध्ये एक बारीक गाठ असते. फलन झालं नाही की ती पिवळी पडते आणि फूल तिथूनच सुटतं. रात्रीचं तापमान दहा अंशांखाली गेलं की परागकण नीट काम करत नाहीत, आणि निफाडचा पारा तर कधी पाच-सहावर येतो. संध्याकाळी कुंडी दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत सरकवा, वरून पातळ सुती कापड टाका, सकाळी काढा. दहा-अकराच्या सुमारास काठीला टिचक्या मारा. परागकण त्याच फुलात पडले तरी फळ धरतं. ‘पुसा सदाबहार’ ही थंड आणि गरम, दोन्ही रात्रींत फळ धरावी म्हणून निवडलेली बुटकी जात आहे. तुमच्याकडे तीच लावून पाहा.

प्रश्न: फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होतं. बुरशीनाशक कोणतं मारू? (पंचवटी)

कोणतंच नको. फळाच्या बुडापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नाही. ते पाण्याबरोबर चढतं, म्हणून एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी बादलीभर असं पाणी दिलं की हे होतंच. बोट दोन इंच घाला. तिथे कोरडं लागलं की कुंडीच्या तळातून पाणी येईपर्यंत द्या. वर वाळलेल्या पाल्याचा दोन इंच थर ठेवा. युरिया बंद करा. नुसती पालवी माजते आणि कॅल्शियम तिकडे ओढलं जातं. अंड्याची टरफलं कुजायला महिने लागतात, या हंगामात त्यांचा उपयोग नाही. नुसती काळी माती भरली असेल तर ती मुळांभोवती घट्ट बसते. पुढच्या वेळी दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. बूड काळं पडलेली फळं तोडून टाका, पुढची चांगली येतील.

प्रश्न: गॅलरीत पाच तास ऊन आणि आठ इंची कुंडी. काय लावू? (गंगापूर रोड)

‘टायनी टिम’सारखा चेरी टोमॅटो. दीड फुटाच्या आत राहतो. मोठ्या फळाच्या बुटक्या जातीला किमान १२ इंची कुंडी आणि सहा तास ऊन हवंच.